कौलांवरची दाढ

तारखा आणि माणसे आधी नोंदवतो. पुढे रागाच्या भरात काही राहून गेले, असे कोणी म्हणायला नको.

पहिला दिवस: कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी शाळा उघडल्यानंतरचा तिसरा शनिवार. त्या दिवशी साताऱ्यातल्या एका खासगी प्राथमिक शाळेत मुलांची दंततपासणी झाली आणि तिसरीत शिकणाऱ्या माझ्या नातीची उजवीकडची खालची दाढ उपटण्यात आली. जबाबदार तिघे: दाढ उपटणारे दातांचे डॉक्टर, मुलांना रांगेत उभे करणारे मुख्याध्यापक, आणि तपासणीचा घाट घालून तिची छायाचित्रे वार्षिक अहवालात छापून घेणारे शाळेच्या चालक मंडळाचे अध्यक्ष.

त्याच दिवशी सायंकाळी ती दाढ आमच्या छपरावर भिरकावण्यात आली. जबाबदार माझी सून, आणि तिला तसे करायला शिकवणारी रीत.

पुढच्या वर्षीच्या वैशाखात, छपराची कौले शाकारली त्या दिवशी, दाढ सापडली. त्या दिवसाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

त्यानंतरच्या नागपंचमीच्या आदल्या शनिवारी शाळेत दुसरी तपासणी झाली. जबाबदार वरील तिघे, आणि चौथा मी.

दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त होईपर्यंत माझे आयुष्य इतरांच्या तक्रारी तपासण्यात गेले. अर्ज मुदतीत आहे का, सही जागेवर आहे का, मागणी नेमकी काय आहे, हे पाहायचे. रडगाणे बाजूला ठेवायचे. ती सवय अजून आहे. म्हणून स्वतःच्या चुकीलाही मी तेच माप लावतो.

माझा मुलगा फौजेत. त्याची बायको आणि मुलगी माझ्याकडे, साताऱ्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. नात तेव्हा आठ वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात ती जेवताना मध्येच थांबायची आणि गालावर हात ठेवायची. सुनेने लवंग लावून पाहिली. मग शेजारणीने सांगितले म्हणून चिमूटभर मिश्रीही चोळली. मुलगी भोवळ येऊन पडली तेव्हा मी सुनेला फार बोललो. पण दाताच्या डॉक्टरकडे न्यावे का, असे तिने दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी एकच उत्तर दिले: "दुधाची दाढ आहे. पडायचीच आहे ती. पडणाऱ्या दातासाठी डॉक्टर कशाला?"

तोंडात बघण्याची तसदी मी घेतली नाही. घेतली असती तरी मला काही कळले नसते, हे पुढे सांगलीला समजले.

जूनमध्ये शाळेने संमतीची चिठ्ठी पाठवली. छापील मजकूर ढिसाळ होता: "पाल्याच्या दातांवर योग्य ते उपचार करण्यास हरकत नाही." योग्य ते म्हणजे काय? मी ते शब्द खोडले आणि माझ्या हाताने लिहिले, "किडलेले दुधाचे दात काढण्यास हरकत नाही," आणि खाली सही केली. मसुदा चोख झाला असे मला वाटले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नात गालात कापूस धरून घरी आली. मुठीत पेपरमिंटची गोळी होती. जे रडले नाहीत त्यांना मिळाली होती. दुसऱ्या मुठीत कागदाच्या पुडीत दाढ होती. सोबत एक कार्ड होते. त्यावर लिहिले होते: उजवी खालची काढली, डावी खालची पुढील तपासणीत काढणे.

दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात ठेवून छपरावर फेकायचा, म्हणजे नवा दात लवकर आणि सरळ येतो, ही रीत आमच्याकडे कोणी मोडत नाही. सुनेने गोळा केला. मुलीला पूर्वेकडे तोंड करून उभे केले. मुलीचा नेम चुकला, गोळा पन्हळीवर आपटून खाली आला. दुसऱ्या वेळी सुनेनेच फेकला. मी खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. पुरावा माझ्या डोळ्यांसमोरून छपरावर गेला आणि मी मान वर केली नाही.

मग वाट पाहणे सुरू झाले. दसरा झाला, संक्रांत झाली. पुढच्या पडलेल्या दातांच्या जागी नवे दात आले. उजवीकडची ती जागा मोकळीच. नात रोज जिभेने चाचपून सांगायची, "आबा, आज पण नाही." होळीपर्यंत तिने सांगणे बंद केले. तपासणीपासून तिने कोणापुढे तोंड उघडणेही बंद केले होते. सुनेला दात घासून द्यायचे असले तरी ओठ घट्ट मिटलेले. डावीकडची दाढ मात्र दुखू लागली होती, आणि कार्डावर तिचे भवितव्य लिहून ठेवलेले होते.

वैशाखात कौले शाकारायला आमचा शेजारी आला. तो मुसलमान कारागीर, पेठेतली निम्मी छपरे त्याच्या हातची. त्याची मुलगी माझ्या नातीच्याच वर्गात. मी त्याला सांगितले, की वर मुलांचे दात दिसले तर सगळे खाली आण.

"आवं शिरस्तेदारसाब, फुटल्याली कौलं बघू का दात येचू?"

"दोन्ही."

"लय झालं. उद्या म्हनशीला, वरची मांजरं मोजून आन."

तासाभराने तो शिडीवरून उतरला. डोक्याच्या फडक्याच्या गाठीत पाच दात होते. वर्षभराच्या पावसाने शेण धुऊन गेले होते आणि दात पन्हळीच्या सांध्यात अडकून राहिले होते. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवले.

"ह्ये चार बघा. लाह्यांवानी हायती, ह्यास्नी बूडच न्हाई. आन ह्यो पाचवा बघा. केवढा थोरला. दोन मुळं, जाडजूड. ह्यो आपनहून पडल्याला न्हाई, उपटल्याला हाय. आन ह्यो दुधाचा तर मला वाटतच न्हाई बगा."

"तुला काय कळतं दातांतलं?"

"दातांतलं न्हाई कळत. पर जुनं कौल कंचं आन नवं कंचं, ते हातात घेतलं की कळतं. ह्यी नवी हाय."

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मामंजी, नवा दात यावा म्हणूनच टाकली हो मी." तिला बोल लावण्याचा अधिकार मी लवंगेच्या दिवसांतच गमावला होता.

दाढ पाकिटात घालून मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी पाकीट उघडलेसुद्धा नाही.

"मुलगी आठ वर्षांची होती. दुधाचीच असणार. येईल."

"कधी येईल?"

"काहींचे उशिरा येतात. आमचे डॉक्टर अनुभवी आहेत."

"त्यांनी मुलांच्या दातांचे शिक्षण घेतले आहे का?"

"दात तो दात, शिरस्तेदार. मुलांचा काय आणि मोठ्यांचा काय."

हे वाक्य मी घरी आल्यावर तारखेसह वहीत लिहून ठेवले. माझ्या मते साऱ्या अनर्थाचे मूळ ह्या वाक्यात आहे, आणि ते उच्चारणारा गृहस्थ दुष्ट नव्हता. मीही आदल्या उन्हाळ्यात तेच बोललो होतो, निराळ्या शब्दांत.

सांगलीच्या न्यायालयात नोकरी केलेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवले, की तिथे एक बाई आहेत; मुंबईला मुलांच्या दातांचे वेगळे शिक्षण घेऊन आल्या आहेत आणि फक्त मुलांनाच तपासतात. लोक हसतात म्हणे, की पडणाऱ्या दातांची डॉक्टरीण. मी त्याच आठवड्यात नातीला घेऊन सकाळच्या एस.टी.ने निघालो. कऱ्हाडच्या स्थानकावर तिने भजी खाल्ली, डाव्या बाजूने सावकाश, डोळे बारीक करून.

दवाखान्यात मोठी खुर्ची होती. बाई एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, नातीच्या डोळ्यांच्या पातळीवर. माझ्याकडे त्यांनी नमस्कारापुरतेच पाहिले.

"आधी कोणाचे दात बघायचे? तुझे की आजोबांचे?"

नातीने माझ्याकडे बोट दाखवले. मी त्या खुर्चीत बसलो. बाईंनी मुलीच्या हातात दांड्याचा छोटा आरसा दिला आणि ती माझ्या तोंडात डोकावून दात मोजू लागली.

"आबांच्या दोन दाढा नाहीत."

"कुठं गेल्या, विचार."

"काढल्या," मी म्हणालो.

"दुखलं होतं?" नातीने विचारले.

"फार दुखलं होतं."

वर्षभरात तिने तपासणीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि एवढे झाल्यावर बाई उठल्या. "आज एवढंच. पुढच्या आठवड्यात या."

मी संतापलो. साताऱ्याहून सांगलीला यायचे, अर्धा दिवस घालवायचा, आणि डॉक्टरने मुलीच्या तोंडाला हातही लावायचा नाही? स्थानकावर गाडी लागेपर्यंत मी त्यांना चार पाने पत्र लिहिले आणि तिथल्याच पेटीत टाकले. त्यात व्यवसायाचे कर्तव्य होते, रुग्णाचा अधिकार होता, वेळेचा अपव्यय होता. चौथ्या दिवशी उत्तर आले. पोस्टकार्डावर दोन ओळी: "तोंड मी उघडायचे नव्हते, तिने उघडायचे होते. दाढ काढलेली असल्यास ती जपून आणावी."

मी आयुष्यभर पुष्कळ निकाल वाचले आहेत. इतका थोडक्यात आणि इतका अचूक निकाल क्वचितच वाचला. मी बाईंना दुसरे पत्र लिहून पहिले मागे घेतले.

दुसऱ्या वेळी नातीने दारातूनच आरसा मागितला. मग स्वतः खुर्चीत बसली आणि तोंड उघडले. बाईंनी तपासले, नंतर पाकिटातली दाढ खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"ही कायमची दाढ आहे," त्या म्हणाल्या. "सहाव्या वर्षी येते, दुधाच्या दाढांच्या मागे. हिच्या जागी आधीचा कुठलाच दात पडलेला नसतो. त्यामुळे ती कधी आली हे घरात कोणाला कळत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. उपटलेल्या दुधाच्या दाढेलाही मुळं असतात, पण ती बारीक आणि फाकलेली. ही जाड आहेत. टोकं बघा, उघडी आहेत. हिची वाढ अजून पुरी व्हायची होती."

"म्हणजे तिथे आता काही येणार नाही?"

"नाही."

नात आमच्या दोघांकडे पाहत होती. बाईंनी स्टूल ओढले आणि तेच तिला तिच्या भाषेत सांगितले. की तिथे दात येणार नाही, त्यात तुझी चूक नाही, आणि डाव्या बाजूची आपण वाचवू. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सरळ खरे सांगणारी व्यक्ती त्या सबंध प्रकरणात मला तेव्हा प्रथम भेटली. नात रडली नाही. म्हणाली, "मग मी जिभेने बघायचं सोडून देते."

"शाळेच्या त्या डॉक्टरांना कळायला हवं होतं," मी म्हणालो.

"त्यांनी मोठ्या माणसांचे शेकडो दात नीट काढले असतील. शाळेत अंधारा वर्ग, शंभर पोरं, एक रडतंय, दुसरं पळतंय. ज्याला मुलांचं तोंड रोज बघायची सवय नाही, त्याची चूक होणारच. आणि दुधाची दाढसुद्धा उगाच काढायची नसते, आजोबा. मागून येणाऱ्या दाताची जागा तीच धरून ठेवते. ती आधी गेली की शेजारचे सरकतात, मग नवा वाट मिळेल तिकडून येतो." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "मी त्यांची वकिली करत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

डाव्या दाढेवरचे काम तीन खेपांत झाले. दात कोरण्याचे यंत्र शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे होते. बाईंनी पहिल्यांदा नातीलाच त्यावर पाय मारायला लावला. ते फिरताना कसा आवाज करते, कुठे थांबते, हे तिने ऐकले, नखावर टेकवून पाहिले. नंतर तो आवाज तोंडात आला तेव्हा तो तिच्या ओळखीचा होता. किडलेले थोडे थोडे काढायचे, औषध भरायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचे. मधल्या काळात दाढ किती दुखते याची रोजची नोंद मुलीने स्वतः ठेवायची. तिने ती माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर ठेवली: दुखली, थोडी दुखली, नाही दुखली.

दरम्यान शाळेकडून दुसऱ्या तपासणीची सूचना आली. मी तत्काळ नोंदणीकृत टपालाने मुख्याध्यापकांना कळवले, की माझ्या नातीच्या तोंडास कोणीही हात लावू नये, लावल्यास कायदेशीर उपाय योजण्यात येतील. दुसऱ्याच दिवशी शिपायाकरवी उत्तर आले: आपल्या नातीस तपासणीतून वगळण्यात आले आहे. मी ते उत्तर समाधानाने फाइलीस लावले. विजय मिळाल्यासारखे वाटले मला.

दुसरी तपासणी झाली तो शनिवार डाव्या दाढेच्या कामाच्या तिसऱ्या खेपेचा होता. दाढ पक्की भरून झाली. बाईंनी सांगितले, की ही आता तिला आयुष्यभर चावायला उपयोगी पडेल; उजवीकडची बाराव्या वर्षी येणारी दाढ येताना मात्र लक्ष ठेवावे लागेल, दर सहा महिन्यांनी या. परतीच्या गाडीत नात डाव्या बाजूने पेरू खात होती. डोळे बारीक न करता.

घरी पोहोचलो तेव्हा शेजारी त्याच्या ओट्यावर बसला होता. मांडीवर मुलगी, गालात कापूस. नात तिच्याकडे धावली. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिले.

"तुमची सुटली न्हवं?"

मी मान हलवली.

"तुमी कागुद लिवला. मला लिवाय येत न्हाई. मास्तरनं अंगठा मागितला, मी दिला. म्हनलं, साळा हाय, वंगाळ कशाला करतील."

"मला सांगायला हवं होतंस."

"मी तुमास्नी काय सांगू, शिरस्तेदारसाब? वैशाखात तुमच्या छपरावरनं कुनी आनली ती दाढ? म्या. तुमाला ठावं हुतं, आन माझी पोर तुमच्या पोरीच्या बाकावर बसती, ह्येबी ठावं हुतं." त्याने खिशातून पुडी काढून उघडली. दोन जाड मुळे. "ह्यी मी कौलांवर टाकनार न्हाई."

मी लिहिलेल्या त्या पत्रातले तीन शब्द आजही मला पाठ आहेत: "माझ्या नातीच्या तोंडास". एक ओळ वाढवली असती, "किंवा कोणत्याही मुलाच्या", तर कदाचित काही झाले नसते. कदाचित झालेही असते. पण मग ती चूक त्यांची एकट्यांची राहिली असती. मी हक्क मागितला आणि मला सवलत मिळाली. फरक कळण्याइतकी वर्षे मी न्यायालयात काढली होती.

त्या सोमवारपासून मी पत्रे लिहितो आहे. चालक मंडळाला लिहिलेल्या पहिल्या पत्राला उत्तर आले, की तपासणी सेवाभावाने केली जाते. दुसऱ्याला उत्तर आले, की आपल्या नातीस वगळले असल्याने आपली तक्रार उरत नाही. तिसऱ्या पत्रावर मी सही केली आणि शेजाऱ्याने अंगठा दिला, ह्या वेळी मजकूर मोठ्याने वाचून घेतल्यावर. त्याला अद्याप उत्तर नाही. शेजाऱ्याची मुलगी आता दर सहा महिन्यांनी माझ्या नातीबरोबर सांगलीला येते. दोघींच्या तोंडात उजवीकडे एकसारखी जागा रिकामी आहे. गाडीत त्या एकमेकींचे दात आरशाशिवाय मोजतात.

पण दोन मुली म्हणजे शाळा नव्हे. मुलाला सांगलीला नेणे प्रत्येक आईबापाला शक्य नाही, आणि तसे करावे लागणे योग्यही नाही. सांगलीच्या बाई महिन्यातून एक दिवस साताऱ्यास येण्यास तयार आहेत. तसे त्यांनी मला लेखी कळवले आहे आणि ते पत्र मी मंडळाला जोडून दिले आहे. शाळेने फक्त एक खिडकीजवळची खोली द्यायची आहे.

आता तिसऱ्या तपासणीची सूचना घरोघरी पोहोचली आहे. छापील मजकूर तोच आहे: "योग्य ते उपचार". डॉक्टर तेच आहेत.

म्हणून चालक मंडळाच्या अध्यक्षांना माझी जाहीर मागणी आहे. मागील दोन तपासण्यांत किती मुलांचे किती दात काढले, त्यांतले कायमचे किती होते आणि हे काढण्यापूर्वी कोणी ठरवले, हे त्यांनी सांगावे. मुलांचे दात ओळखणारी व्यक्ती विनासायास उपलब्ध असताना तिला का बोलावले नाही, हेही सांगावे. हे उत्तर शाळेच्या पटांगणात, सर्व पालकांसमोर, तपासणीच्या आधी द्यावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावे. मला खासगी पत्र पाठवू नये. पाठवल्यास मी ते न उघडता परत करीन.